जुन्या पंप-रायफलीचें कुलगोत्र

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, पुतण्या अथवा नातजांवई हल्लीं अमेरिकेंत असतो, आणि तिकडून येणारे प्रश्न कधीं कधीं असे चमत्कारिक असतात कीं, तीस वर्षें वर्गांत उभें राहूनहि तसला प्रश्न आमच्या कानांवर आलेला नव्हता. ओहायओ संस्थानांत राहणाऱ्या आमच्या भाच्यानें गेल्या वर्षीं असाच एक प्रश्न पाठविला. त्याच्या शेजारच्या वृद्ध बाईंजवळ त्यांच्या सासऱ्यांची एक लहानशी जुनी रायफल आहे, ती ‘पंपा’ची आहे, तिच्या पोलादावरील अक्षरें झिजलीं आहेत, चाप ओढला असतां कधीं बार उडतो, कधीं नुसता ‘टक्’ असा आवाज होतो, आणि झाडलेल्या काडतुसाचें टरफल पुष्कळदां आंतच अडकून बसतें. ही रायफल कोणती, कोणत्या सालची, आणि हिला झालें आहे तरी काय? शाळेंत असतांना एन्. सी. सी.च्या पथकाचें काम बरींच वर्षें आमच्याकडे असल्यामुळें भाच्यानें आम्हांस या विषयांतले अधिकारी ठरविलें. उत्तर लिहावयास बसलों तों तें पत्रांत मावेना. शिवाय एखाद्या अनोळखी यंत्राची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, याचा हा एक सुरेख धडाच आहे असें लिहितां लिहितां दिसून आलें. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

एन्. सी. सी.त ज्यांनीं नेम धरला आहे त्यांस .२२ ची रायफल ठाऊक असते. तिचा बोल्ट प्रत्येक बारानंतर हातानें उचलून मागें ओढावा लागतो. पंपाच्या रायफलींत ही खटपट नाहीं. नळीच्या खालीं एक लाकडी मूठ असते. ती डाव्या हातानें मागें ओढून पुन्हा पुढें लोटली कीं, जुनें टरफल बाहेर फेकलें जातें, घोडा चढतो आणि नवें काडतूस नळीच्या मुळाशीं असलेल्या घरांत जाऊन बसतें. सायकलींत हवा भरतांना हात जसा मागेंपुढें होतो तसाच येथें होतो, म्हणून ‘पंप’ हें नांव. मुख्य नळीखालीं दुसरी एक बारीक नळी असते. तींत काडतुसें आगगाडीच्या डब्यांप्रमाणें एकामागें एक उभीं असतात, आणि एक लांब स्प्रिंग त्यांस मागें रेटीत असते.

परंतु या रायफलीचें खरें मर्म तिच्या काडतुसांत आहे. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं टोपी बसविलेली असते; टोपीवर आघात झाला कीं ठिणगी पडून दारू पेटते. .२२ च्या चिमुकल्या काडतुसाला निराळी टोपी नसते. त्याच्या बुडाची जी दुमडलेली पोकळ कड, तिच्याच पोटांत स्फोटक द्रव्य भरलेलें असतें. कड चेपली कीं बार उडाला. ‘रिमफायर’ या शब्दाचा अर्थ इतकाच. आघात कडेवरच पडला पाहिजे, पुरेसा खोल पडला पाहिजे, आणि आघात होतांना काडतूस आपल्या घरांत घट्ट बसलेलें पाहिजे, या तीन अटी ध्यानांत ठेविल्या म्हणजे पुढील बरेंचसें विवेचन आपोआप उलगडतें.

या जातीचें अमेरिकेंतील पहिलें काडतूस, ज्यास .२२ शॉर्ट म्हणतात, तें स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं बाजारांत आणलें. ज्या वर्षीं आपल्याकडे काडतुसांच्या चरबीवरून हिंदुस्थान पेटला त्याच वर्षीं तिकडे हें बोटाच्या पेराएवढें काडतूस जन्मास आलें, हा योगायोग मौजेचा आहे. तें अद्याप तयार होतें. त्याची दोन धाकटीं भावंडें म्हणजे १८७१ चें .२२ लाँग आणि १८८७ चें .२२ लाँग रायफल. हें शेवटचें आज सर्व जगांत सर्वांत अधिक खपतें.

आतां रायफलीकडे वळूं. यूटा प्रांतांतील ओग्डेन गांवीं १८५५ सालीं जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म झाला. बाप बंदुका दुरुस्त करणारा. मुलगा बापाच्या भात्याशेजारीं वाढला. १८८३ सालीं न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीनें त्याची एकबारी रायफल विकत घेतली, आणि तेथून पुढें सुमारें वीस वर्षें या खेड्यांतल्या कारागिराची बुद्धि व त्या कंपनीचा कारखाना अशी जोडी जमली. पंपाच्या .२२ रायफलीचें पेटंट २६ जून १८८८ रोजीं मिळालें, आणि १८९० सालीं ती विक्रीस आली. म्हणून तिला ‘मॉडेल १८९०’ म्हणतात. ब्राउनिंगच्या घराण्यांत अशी एक गोष्ट सांगत कीं, त्यानें कागदावर काढलेली आकृति पाहून कंपनीच्या जाणत्यांनीं ही चालणार नाहीं असें कळविलें. त्यावर त्यानें वाद न घालतां ती रायफलच करून पाठविली. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पुढें १९३२ पर्यंत साडेसात लाखांहून अधिक नग खपले, ही गोष्ट खरी आहे.

इतका खप होण्याचें एक कारण जत्रा. आपल्याकडे जत्रेंत फुगे फोडण्याच्या हवेच्या बंदुका असतात. अमेरिकेंतील जत्रांत व करमणुकीच्या बागांत त्या काळीं खऱ्याच रायफली असत. समोर लोखंडी बदकें एका रांगेंत फिरत, आणि पैसे देऊन मुलें-माणसें त्यांवर .२२ शॉर्ट झाडीत. त्या दुकानांत ‘मॉडेल १८९०’ चा फार बोलबाला होता. दुसरें कारण शेतकरी. कोंबड्यांच्या खुराड्यावर येणारा प्राणी हांकण्यास व मुलाला नेम शिकविण्यास ही हलकी, स्वस्त आणि सहसा न रुसणारी वस्तु होती. म्हणूनच आज ती माळ्यावरच्या अडगळींत, वाटणीच्या सामानांत आणि म्हाताऱ्यांच्या कपाटांत इतकी सांपडते.

ओळख पटविण्यास आरंभ दुरून करावा. अक्षरें शेवटीं वाचावीं. कारण अक्षरें झिजतात, बदलतात, आणि क्वचित् खोटींहि असतात. घडण सहसा खोटें बोलत नाहीं. प्रथम पाहावें कीं, घोडा बाहेर दिसतो कीं यंत्राच्या पेटींत झांकलेला आहे. झांकलेला असेल तर ती ‘१८९०’ नव्हे. १९०९ ते १९३६ या काळांत रेमिंग्टन कंपनीनें जॉन पेडरसन याच्या आराखड्यावरून ‘मॉडेल १२’ नांवाची अशी रायफल काढली होती. विंचेस्टरनेंहि १९३२ पासून ‘मॉडेल ६१’ ही झांकलेल्या घोड्याची काढली. घोडा बाहेर असेल तर टरफल कोणीकडून बाहेर पडतें तें पाहावें. बाजूनें पडत असेल तर मार्लिन कंपनीच्या रायफलींचा विचार करावा; पेटीच्या माथ्यावरून वर उडत असेल तर विंचेस्टरकडे यावें. पुढें टेंकूसारखी खालीं लोंबणारी पेटी काडतुसांसाठीं असेल तर १९०३ ची सॅव्हेज असण्याचा संभव आहे. नळीखालीं नळी असेल तर तो प्रश्न उरत नाहीं.

आतां विंचेस्टरमध्येंहि भावकी आहे. नळी अष्टकोनी, चोवीस इंचांची, आणि दस्त्याच्या टोंकाची पोलादी पट्टी चंद्रकोरीसारखी वांकलेली, तर ती १८९० ची. नळी गोल व वीस इंचांची, तर ती तिची स्वस्त धाकटी बहीण ‘मॉडेल १९०६’. नळी गोल पण तेवीस इंचांची, तर १९३२ नंतरची ‘मॉडेल ६२’, जी १९५८ पर्यंत निघत होती. ब्राझिल देशांतील रॉसी कंपनीनें या ६२ ची हुबेहूब नक्कल पुढें बरींच वर्षें केली. ती वाईट नव्हे, पण तिला कोणी ‘आजोबांची विंचेस्टर’ म्हणून विकूं लागल्यास नळीवरील देशाचें नांव आधीं वाचावें.

१८९० च्या पोटांत पुन्हा तीन पिढ्या आहेत. अगदीं आरंभींच्या पंधरा-सोळा हजार रायफली अखंड सांध्याच्या, म्हणजे मधोमध न सुटणाऱ्या. १८९२ नंतरच्या रायफलींस डाव्या बाजूस एक मोठा, कडेला खरखरीत केलेला स्क्रू आहे. तो सोडविला कीं दस्ता व चाप एकीकडे आणि नळी दुसरीकडे असे दोन भाग होतात. तिसरी पिढी १९०८ च्या सुमारापासूनची. तींत बोल्ट जेथें अडकून बसतो त्या खांचा पेटीच्या माथ्यावर उघड्या दिसतात, पूर्वींच्यांत त्या झांकलेल्या असत. अनुक्रमांक चापामागील खालच्या पट्टीवर पाहावा. नंतरच्या नगांत तोच अंक पेटीच्या पुढच्या अंगास खालूनहि घातलेला आहे. हे दोन अंक न जुळले तर दोन रायफलींचे दोन अर्धे एकत्र आले आहेत असें समजावें. विवाह बहुधा बिनतक्रार चालतो, परंतु पुढील दुखण्यांचा विचार करतांना तो ठाऊक असलेला बरा. नळीवर लंबवर्तुळांत ‘डब्ल्यू पी’ हीं अक्षरें असल्यास ती नळी १९०५ नंतर तपासलेली आहे. सुरुवातीच्या अनुक्रमांकांच्या कारखान्यांतील नोंदवह्या वायोमिंग संस्थानांत कोडी येथील संग्रहालयांत जपलेल्या आहेत.

येथवर रूप झालें. आतां गोत्र.

१८९० ची प्रत्येक रायफल एकाच काडतुसासाठीं केलेली असे. शॉर्टची शॉर्टसाठीं, लाँगची लाँगसाठीं. आणि एक चौथें काडतूस होतें, जें कंपनीनें या रायफलीबरोबरच नवें काढलें, तें म्हणजे.२२ विंचेस्टर रिमफायर, संक्षेपानें डब्ल्यू. आर. एफ. लाँग रायफलची नळी या मॉडेलांत १९१९ पासून मिळूं लागली. त्या नळ्यांवर, पेटीशेजारीं, काडतुसाचें नांव ठोकलेलें असतें. उलट १९०६ ची धाकटी बहीण १९०८ पासून शॉर्ट, लाँग व लाँग रायफल हीं तीन्हीं काडतुसें सरमिसळ चालवूं शकते. लोकांचा घोटाळा येथेंच होतो. ‘.२२ म्हणजे .२२’ असें ते धरून चालतात.

पहिल्या तिघांचा घेर एकच, सुमारें ५.७ मिलिमीटर; फरक लांबीचा. तीं सगोत्र होत. डब्ल्यू. आर. एफ. चा घेर सुमारें ६.१ मिलिमीटर आहे. म्हणजे नांवांत .२२ असूनहि हें गोत्र भिन्न. चार दशांश मिलिमीटर म्हणजे काय मोठेंसें, असें वाचकांस वाटेल. पण त्या घरांत लाँग रायफल घातलें तर तें वाण्याच्या पायलींत अदपाव ठेवल्यासारखें सैल बसतें. आघात झाला कीं काडतूस हलतें, कड पुरती चेपत नाहीं, बार चुकतो. उडालाच तर पितळेच्या पातळ टरफलास आधार नसल्यामुळें तें फुगतें, प्रसंगीं उभें चिरतें, आणि तापलेला वायु मागें, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येण्याचा संभव असतो. याच्या उलट, १९५९ सालीं निघालेलें .२२ मॅग्नम काडतूस डब्ल्यू. आर. एफ. च्याच घेराचें आहे, पण लांब व पुष्कळच जोरदार. तें या जुन्या रायफलींत कोंबण्याचा मोह कोणासहि होऊं नये. घेर जुळला म्हणजे घराणें जुळलें असें नव्हे.

भाच्यास आम्हीं सांगितलें कीं, खोलींत अंधार करून नळीवर बाजूनें विजेरीचा तिरपा प्रकाश टाक, आणि झिजलेल्या अक्षरांवर खडू हलकेच चोळून छायाचित्र घे. शाळेंत शिलालेखाचे ठसे घेतांना आम्ही हेंच करीत असूं. छायाचित्र आलें. अष्टकोनी नळी, माथ्यावर उघड्या खांचा, आणि पेटीशेजारीं पुसट परंतु निःसंदेह ‘डब्ल्यू. आर. एफ.’ बाईंच्या कपाटांतील पेटीवर मात्र ‘लाँग रायफल’ छापलेलें होतें. झाडलेलीं दोन टरफलें त्यानें पट्टीशेजारीं ठेवून दाखविलीं, तीं मधोमध फुगलेलीं होतीं. सासऱ्यांच्या पश्चात् घरांत कोणीतरी दुकानांतून ‘.२२ ची गोळी’ मागून आणली, दुकानदारानें खपाची होती ती दिली, आणि इतकीं वर्षें रायफलीचा काडीइतका दोष नसतां ती रोगी ठरली. डब्ल्यू. आर. एफ. हें काडतूस आजहि अधूनमधून तयार होतें. जुन्या पंप-रायफलीच्या तक्रारी घेऊन कोणी आलें तर पहिला प्रश्न ‘नळीवर काय लिहिलें आहे आणि डबीवर काय लिहिलें आहे’ हाच विचारावा, असें आमचें मत या प्रकरणानें पक्कें झालें आहे.

गोत्र जुळूनहि दुखणें उरलें तर मग खरें निदान. परंतु त्यापूर्वीं एक विधि आहे, आणि तो चुकविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. रायफल रिकामी आहे कीं नाहीं हें पाहणें. नळीचें तोंड ज्या दिशेस माणूस, घर वा गुरूं नाहीं अशा दिशेस धरावें, बोट चापापासून दूर ठेवावें. खालच्या नळींतील आंतली नळी पूर्ण काढून घेऊन काडतुसें ओतून द्यावीं. एवढ्यानें पुष्कळांचें समाधान होतें, आणि अपघात येथेंच घडतो; कारण एक काडतूस वरच्या घरांत आणि एखादें मधल्या उचलणाऱ्या पट्टीवर दडून बसलेलें असूं शकतें. म्हणून पंप चारसहा वेळां पूर्ण मागेंपुढें करावा, नंतर तो मागेंच ठेवून घरांत डोळ्यानें व करंगळीनें पाहावें. या रायफलींचा आणखी एक स्वभाव ठाऊक असावा. हल्लींच्या बहुतेक बंदुकांत प्रत्येक बारास चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. १८९०, १९०६ व ६२ यांत तसा अटकाव नाहीं. चाप ओढलेलाच ठेवून पंप पुढें लोटला कीं बार उडतो. जत्रेंतल्या पोरांस ही मौज वाटे. ज्यास हें ठाऊक नाहीं त्यानें चापावर बोट ठेवून पंप चालविला तर मौज राहणार नाहीं.

आमच्या जुन्या वैद्यकांत रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. माधवनिदान वाचलेल्या मंडळीस हें नवें नाहीं. यांपैकीं उपशय म्हणजे, अमुक दिल्यानें बरें वाटतें कीं नाहीं हें पाहून रोग ओळखणें. रायफलीला हें फार चांगलें लागू पडतें. नव्या, चांगल्या प्रतीच्या, साधारण वेगाच्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या काडतुसांच्या डब्या आणाव्या. त्यांनीं दोष गेला तर रोग दारूगोळ्यांत होता. येथें ‘साधारण वेगाच्या’ असें मुद्दाम म्हटलें आहे. अतिवेगाचीं .२२ काडतुसें १९३० च्या सुमारास निघालीं. त्यापूर्वींची रायफल त्यांसाठीं घडविलेली नाहीं. म्हाताऱ्या बैलाला नवी बैलगाडी चालते, मोटारीचा वेग चालत नाहीं.

चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ झाला, तर नळीचें तोंड सुरक्षित दिशेसच अर्धा मिनिट धरून ठेवावें. क्वचित् बार उशिरा उडतो. नंतर काडतूस काढून त्याची कड भिंगानें पाहावी. सगळी हकीकत तेथें लिहिलेली असते. कडेवर खोल, स्पष्ट खांच असून बार उडाला नसेल तर काडतुसाचा दोष. स्फोटक कडेंत सारखें पसरलें नसावें. खांच उथळ असेल तर आघात दुबळा. आघात दुबळा कां, याचीं कारणें तीनचार, आणि तीं स्वस्तापासून महागाकडे या क्रमानें तपासावीं. प्रथम बाजूचा मोठा स्क्रू. घोडा मागच्या अर्ध्या भागांत आणि बोल्ट पुढच्या अर्ध्या भागांत असल्यामुळें, तो स्क्रू सैल झाला कीं दोहोंमध्यें फट पडते आणि घोड्याचा जोर वायां जातो. आमच्या समजुतीप्रमाणें निम्मीं दुखणीं या एका स्क्रूनें बरीं होतील, आणि त्याला हत्यारहि लागत नाहीं.

दुसरें कारण चिकटा. आमच्या घरच्या शिवणयंत्रांत एका वडीलधाऱ्या बाईंनीं काटकसर म्हणून खोबरेल घातलें होतें. दोन हिवाळ्यांत तें यंत्र असें धरलें कीं चाक फिरेना. रायफलीचें तसेंच होतें. पन्नास वर्षांपूर्वींचें तेल बोल्टमध्यें वाळून वार्निशासारखें होतें, टोंचणी त्यांत रुतते, आणि थंडीच्या दिवसांत बार हमखास चुकतो. असें असेल तर रॉकेल अथवा त्याजसारखें द्रव्य वापरून चिकटा धुवावा, पुसून पूर्ण कोरडें करावें, आणि पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. तेल अधिक दिल्यानें प्रेम अधिक दिसत नाहीं. यानंतर उरतात झिजलेली टोंचणी आणि मेलेली स्प्रिंग. यांचे सुटे भाग अद्याप मिळतात, पण ते बसविण्याचें काम कारागिराचें. खांच कडेवर न पडतां आंतल्या बाजूस पडत असेल तरीहि तें कारागिराचेंच काम, कारण मग टोंचणी किंवा बोल्टची बैठक बिघडलेली असते.

टरफल अडकतें तेव्हां टरफलासच विचारावें. तें फुगलें वा चिरलें असेल तर गोत्राकडे परत जा. तोंडाशीं अथवा कडेशेजारीं एकाच जागीं ओरखडा वा दाब असेल तर घराच्या काठाला आंत वळलेली गांठ आली आहे. ही गांठ बहुधा माणसानेंच आणलेली असते. रिकाम्या रायफलीचा चाप पुनःपुन्हा ओढला कीं, कड नसल्यामुळें टोंचणी सरळ घराच्या काठावर आदळते आणि पोलाद हळूहळू चेपतें. पाहुण्यांपुढें ‘टक्-टक्’ करून दाखविणारे गृहस्थ आपल्या हातानें हें दुखणें आणीत असतात. तो धातु पुन्हा मूळ जागीं दाबून बसविण्याचें खास हत्यार कारागिरांजवळ असतें; कानस लावली तर धातु कायमचा गेला.

सरमिसळ काडतुसें चालविणाऱ्या १९०६ मध्यें आणखी एक प्रकार दिसतो. वर्षानुवर्षें तींत आंखूड शॉर्टच झाडलीं गेलीं म्हणजे, त्यांच्या तोंडापुढें घरांत काजळी व शिशाचें एक कडें जमतें आणि तेथील पोलादहि झिजतें. मग एके दिवशीं कोणी लांब काडतूस घालतो. तें त्या कड्यांत रुतून बसतें आणि निघत नाहीं. कडें नुसत्या काजळीचें असेल तर योग्य मापाच्या पितळी कुंच्यानें निघतें. झीज झाली असेल तर निघत नाहीं. अशा रायफलीस शॉर्टवरच संतुष्ट ठेवावें. हें सर्व नीट असून टरफल मागें येत नसेल तर तें ओढणारा आंकडा पाहावा. त्याच्याखालीं मेण-काजळीचा गोळा बसलेला असणें हें नेहमींचें.

काडतूस वर न येणें, किंवा दोन एकदम येणें, या तक्रारीचीं मुळें दोन. एक तर खालची नळी कोठेंतरी चेपलेली असते, अथवा आंतली नळी पूर्ण खालीं जाऊन अडकलेली नसते; हें डोळ्यांस दिसतें. दुसरें मूळ गूढ आहे. १८९० मध्यें काडतूस उचलणारी पट्टी त्या त्या काडतुसाच्या लांबीस जुळवून केलेली असे. कोणा हौशी माणसानें शॉर्टच्या नळीचें घर खोदून लाँग रायफलचें केलें आणि पट्टी तशीच राहूं दिली, तर नळीचें गोत्र एक आणि पट्टीचें दुसरें. दत्तक घेतला, पण संध्या शिकविली नाहीं. अशा रायफली पुष्कळ फिरतात. भाग बदलल्याशिवाय त्या सुधारत नाहींत.

नळी आंतून पाहण्यास पंप मागें ओढून बोल्टच्या जागीं पांढरा कागद धरावा व तोंडाकडून पाहावें. जुन्या नळ्या आंतून खरबरीत निघतात याचें कारण आमच्या कोंकणी वाचकांस लवकर पटेल. पूर्वींच्या स्फोटकांतून मिठासारखा एक क्षार मागें राहत असे, आणि श्रावणांत बरणींतलें मीठ जसें पाणी सोडतें तसा तो हवेंतील ओल ओढून घेई. रात्रींतून गंज. रेमिंग्टन कंपनीनें ‘क्लीनबोर’ या नांवानें असा क्षार न ठेवणारीं काडतुसें आणलीं तीं १९२६-२७ च्या सुमारास. त्यापूर्वींची नळी जर आंतून चकचकीत असेल तर तिचा धनी शिस्तीचा होता, किंवा नळीला आंतून नवें अस्तर बसविलेलें आहे. कागदाच्या उजेडांत एखादें काळें वळें दिसलें आणि बाहेरून त्याच ठिकाणीं बोटास उंचवटा लागला, तर तेथें पूर्वीं एक गोळी अडकली असतां दुसरी झाडलेली आहे; ती रायफल भिंतीवर शोभेल, खांद्यावर नको. म्हणूनच, बाराचा आवाज कधीं नेहमीपेक्षां बारीक आला तर पुढचें काडतूस घालण्यापूर्वीं नळी पाहावी.

एक सूचना सौंदर्याभिमानी मंडळीसाठीं. जुन्या पोलादावरील तपकिरी छटा ‘साफ’ करण्यासाठीं पॉलिश-कागद घेऊं नये. घासून पुन्हा निळा रंग चढविलेल्या रायफलीस जाणते लोक निम्मी किंमतहि देत नाहींत, आणि झिजत आलेलीं अक्षरें तर कायमचीं जातात. स्क्रूच्या खांचेस तंतोतंत बसेल अशाच पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरावा.

कायद्याविषयीं थोडें, पण महत्त्वाचें. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणें १८९८ अखेरपर्यंत घडविलेली बंदूक ‘पुरातन’ समजली जाते. तेव्हां अनुक्रमांकावरून साल काढण्यांत कुतूहलापलीकडेहि अर्थ आहे. संस्थानांचे नियम मात्र निरनिराळे असतात. आमच्या वाचकांचीं जीं मुलें तेथें तात्पुरत्या व्हिसावर आहेत, ज्यांस कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला नाहीं, त्यांनीं पुरातन नसलेलें शस्त्र वा कसलेंहि काडतूस जवळ बाळगणें त्या कायद्यानें सामान्यतः गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असल्यासारखे कांहीं अपवाद सोडले तर शेजाऱ्याची वस्तु दुरुस्तीसाठीं घरीं आणून ठेवणेंहि नको. भाच्यास आम्हीं हेंच प्रथम लिहिलें. त्यानें सर्व पाहणी बाईंच्या घरीं, त्यांच्या समोर केली, आणि हात मुख्यतः छायाचित्र काढण्यासाठीं वापरले.

इकडे १९५९ चा शस्त्रांचा कायदा लागू आहे. वाड्यांतून, इनामदारांच्या घरांतून जुन्या बंदुका अजून निघतात. परवानाधारक वारला कीं त्याच्या परवान्याचा लाभ मुलास आपोआप मिळत नाहीं. वारसांनीं ती बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यांत अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून आपला अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावर सामान्यतः दोनच शस्त्रें ठेवितां येतात. दुरुस्तीहि परवाना असलेल्या कारागिराकडूनच करविली पाहिजे. गांवचा लोहार कितीहि हुषार असला तरी हें काम त्याजकडे नेऊं नये.

ठेवण्याविषयीं विचारणारांस एवढें सांगतों. चामड्याच्या म्यानांत रायफल वर्षानुवर्षें ठेवूं नये. चामडें ओल धरतें आणि त्यांतील कषायद्रव्य पोलाद खातें. घोडा उतरलेला, खालची नळी रिकामी, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं आणि नंतर, ती कोरड्या फडक्यानें पुसून वरून तेलाचा बोटभर हात फिरवावा, आणि नळींतून तेलाची चिंधी एकदां ओढून घ्यावी. पुढें ती झाडण्याचा प्रसंग आल्यास आधीं कोरडी चिंधी ओढून तें तेल काढून टाकावें.